चुकीच्या झाडाला मारलेली मिठी

पेपरात आमचा फोटो आला, आणि त्याच दिवशी कळलं की ज्या झाडाला आम्ही बायका हातात हात घालून बिलगलो होतो, ते कुणी तोडणारच नव्हतं. रस्ता रुंद करण्यासाठी पालिकेने केलेल्या झाडांच्या यादीत त्याच्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं, ‘आहे त्या स्थितीत ठेवणे’.

आमच्या इमारतीतल्या, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने हे सांगितलं. “काकू, तुम्ही मिठी मारलीत तो एकोणीस नंबर. तो राहणार आहे. जाणार आहेत ते तेवीस आणि चोवीस, बसस्टॉपमागचे.” मी आयुष्यभर मुद्रितशोधनाची कामं केली. दुसऱ्याच्या ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ मला झोपेत दिसतो. आणि माझ्या दारासमोरच्या झाडावर चिकटवलेला कागद मी नीट वाचला नव्हता. वर ‘जाहीर नोटीस’ आणि खाली ‘४१ झाडे’ एवढं दिसलं नि माझं डोकं फिरलं.

ही गोष्ट २०२३ ची, गोरेगाव पूर्वेची. आमच्या कॉलनीबाहेरचा रस्ता रुंद होणार, हे दोनेक वर्षं कानावर होतं. मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी दूध आणायला गेले तर झाडांच्या बुंध्यांवर कागद. रेन ट्रीचा बहर चालू होता, खाली गुलाबी झुपक्यांचा सडा आणि त्यात खळीचा डबा घेऊन उभा असलेला माणूस. त्याला विचारलं, “काय आहे हे?” तो म्हणाला, “मला चिकटवायला सांगितलंय.” खरंच होतं त्याचं.

एरवी अशा वेळी आपण नगरसेवकाकडे जातो. पण मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली होती, निवडणूक झालेली नव्हती, कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवकाच्या ऑफिसला कुलूप नव्हतं, पण आत बसलेला माणूस ‘माजी’ होता आणि तो स्वतःच म्हणत होता, “ताई, मी पत्र देईन, पण माझ्या पत्राला आता काय किंमत?”

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर बैठक झाली. पन्नासेक माणसं. तरुणांचं म्हणणं, रास्ता रोको करू. मला २०१८ चा किसान लाँग मार्च आठवला. नाशिकहून सहा दिवस चालत आलेले शेतकरी शीवच्या सोमय्या मैदानावर थांबले होते. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना त्रास नको म्हणून फोड आलेल्या पायांनी ते रातोरात आझाद मैदानाकडे निघाले. माझी भाची त्या वर्षी दहावीला होती, त्यामुळे ते माझ्या मनात कायमचं बसलंय. मी म्हटलं, रस्ता अडवला तर शिव्या पडणार त्या आपल्यालाच. रविवारी सकाळी मानवी साखळी करू, तासभर, फुटपाथवर.

त्याच बैठकीत तळमजल्यावरचे काका उठले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला दवाखान्यात नेताना अँब्युलन्स याच रस्त्यावर पंचवीस मिनिटं अडकली होती. ते म्हणाले, “तुमची झाडं राहू देत, पण मला रस्ता हवाय.” कुणीतरी त्यांना खाली बसवलं. मला तेव्हा बरंच वाटलं, हे कबूल करते. आता लाज वाटते.

साखळी करायची तर पोलिसांना कळवावं लागतं. रात्री नऊला आम्ही तिघी चौकीत. अधिकारी शांत माणूस होता. म्हणाला, “ताई, आंदोलनाची जागा आझाद मैदान. जमावबंदीचा आदेश तर मुंबईत जवळजवळ कायमच लागू असतो. तुम्हाला परवानगी मी देऊ शकत नाही. तुम्ही येणार हे तुम्ही लिहून द्या, मी तुम्हाला नोटीस देतो.” आणि त्याने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस दिली. म्हणजे काही बेकायदा घडलं तर तुम्हाला आधी समज दिली होती, असा कागद. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला पोलिसांची नोटीस आली. फ्रेम करू या का?”

आमच्या घरात हे पहिल्यांदा नव्हतं. माझी आई लाटणं घेऊन रस्त्यावर उतरली होती. १९७२ च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतरांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. बायका घरातून थाळ्या आणि लाटणी घेऊन निघायच्या. गोरेगावात मृणालताईंना त्याआधीपासून ‘पाणीवाली बाई’ म्हणत, कारण नळाला पाणी येईपर्यंत त्या कुणाला झोपू देत नसत. आई सांगायची, मोर्च्याला जायच्या आधी ताई विचारायच्या, रेशनवर साखर किती मिळायला हवी आणि किती मिळाली, कार्डावर दाखवा. ज्या बाईला आकडा माहीत नसेल तिने आधी तो पाठ करायचा. लहानपणी मला हे शाळेसारखं वाटायचं. मोर्च्याला जायचं तर आरडाओरडा करायचा, त्यात पाढे कशाला?

तर रविवारी साखळी झाली. दीडेकशे माणसं, पोरांच्या हातात खडूने रंगवलेले पुठ्ठे, एका पेपरचा फोटोग्राफर. तो म्हणाला, “जरा जाड झाड बघा,” आणि आम्ही एकोणीस नंबरला मिठी मारली. तेवीस आणि चोवीस त्याहून जाड होते, पण त्यांच्यापुढे रिक्षा उभ्या होत्या.

सोमवारी फोटो छापून आला आणि त्या मुलीने यादी माझ्यासमोर ठेवली. ४१ पैकी १७ तोडायची, ९ पुनर्रोपित करायची, १५ आहेत तशी. रकाने होते : झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, उंची, अंदाजे वय, शेरा. नोटीस लागल्यापासून हरकतीला सात दिवस. त्यातले चार गेले होते.

मी म्हटलं, माहितीचा अधिकार टाकू. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एवढं मला ठाऊक होतं. ती हसली. “काकू, त्याला तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल तेव्हा झाडांच्या फळ्या झालेल्या असतील. आज वार काय?”

सोमवार होता. राज्य सरकारचा २०१८ चा एक आदेश आहे : जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहू द्यायच्या. अर्ज नाही, अपील नाही. एवढी वर्षं मुंबईत राहून मला हे माहीत नव्हतं. गंमत म्हणजे, ज्या टेबलावर आम्ही गेलो तिथल्या बाबूलाही ते नीट माहीत नव्हतं. मुलीने आदेशाची प्रत पुढे केली. तो आत जाऊन आला, मग त्याने पंखा आमच्याकडे वळवला आणि फाइल आणून दिली. झेरॉक्स पानाला दोन रुपये. आम्ही सव्वीस पानं काढली.

ती पानं मी त्या रात्री प्रूफ वाचावं तशी वाचली, पट्टी लावून, ओळ न् ओळ. आणि चुका दिसायला लागल्या. एका झाडाचं नाव एका पानावर ‘भेंड’ आणि दुसऱ्यावर ‘करंज’. पुनर्रोपणाच्या नऊ झाडांपुढे ती कुठे नेणार, ती जागा कोरी. आणि तेवीस नंबर : रेन ट्री, घेर २१० सेंटिमीटर, वय ३८ वर्षं.

दोनशे दहा? मी त्या झाडाखालून रोज जाते. माझ्या आणि नवऱ्याच्या हातांनी मिळून त्याला कव घातली तरी बोटं लागत नाहीत.

सकाळी कोपऱ्यावरच्या टेलरमामांकडून टेप आणली. दीड मीटरची ती टेप, त्यामुळे खूण करून पुन्हा पुढे धरावी लागली. रिक्षावाले हसत होते. एकाने विचारलं, “काकी, झाडाला ब्लाउज शिवताय काय?” छातीच्या उंचीवर घेर भरला ३१२ सेंटिमीटर. चोवीसचा २९८. यादीत दोन्ही दोनशेच्या आसपास.

हा फरक कशासाठी महत्त्वाचा, ते त्या मुलीने समजावलं. झाडांचा कायदा १९७५ चा, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता ‘हेरिटेज वृक्ष’. आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची : अडतीस वर्षांचं तोडलं तर अडतीस, साठ वर्षांचं तोडलं तर साठ. तीही सहा-आठ फुटांची, जिओटॅग केलेली (म्हणजे नकाशावर नेमकी जागा नोंदवलेली), सात वर्षं जगवलेली. म्हणजे घेर कमी लिहिला की वय कमी होतं, वय कमी झालं की हेरिटेजचा प्रश्न मिटतो आणि लावायची झाडंही कमी होतात. कुणी मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही. सल्लागाराच्या पोऱ्याने उन्हात अंदाजे लिहिलं असेल. चूक मुद्दाम आहे की कंटाळ्याने झालीय, ते छापल्यावर सारखंच दिसतं.

पण झाडाचं वय सिद्ध कसं करायचं? टेप घेर सांगते, जन्मतारीख नाही.

इथे आईच्या ट्रंकेतला फोटो सापडला. सापडला म्हणजे तो मला माहीतच होता, फक्त मी त्यात नेहमी आईला बघत आले. काळा-पांढरा, कडा नक्षीदार, मागे स्टुडिओचा शिक्का आणि शाईने ‘१९७३’. लाटणी उंचावलेल्या नऊ बायका, मोर्च्याला निघण्यापूर्वी कॉलनीच्या फाटकाशी. त्यांच्या मागे झाड आहे. फाटकाचा दगडी खांब अजून तसाच आहे, त्यामुळे झाडाची जागा चुकायची सोय नाही. आणि १९७३ मध्येच त्याचा बुंधा आईच्या कमरेहून जाड. म्हणजे २०२३ मध्ये ते पन्नाशीच्या आत असणं शक्यच नव्हतं.

मी तो फोटो किती वेळ हातात धरून बसले ते आठवत नाही. नवऱ्याने गॅस बंद केला, दूध उतू गेलं होतं.

हरकत लिहायला बसलो तेव्हा एक चूक होता होता वाचली. व्हॉट्सअ‍ॅपवर एका उत्साही दादाने तयार मजकूर फिरवला होता. खाली नाव घालायचं नि ईमेल करायचा. प्राणवायू, पक्षी, पुढच्या पिढ्या. दीडशे लोकांनी पाठवलाही. पालिकेतला एक जण आम्हाला सरळ म्हणाला, “एकाच मजकुराच्या हरकती आम्ही एकच धरतो.” मला ते उद्धट वाटलं, पण खोटं नव्हतं. २०१९ मध्ये आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्ध ८०,००० हून अधिक हरकती गेल्या होत्या आणि तरी २९ ऑगस्टला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. २९ जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी होती. मी त्या शुक्रवारी रात्री घरीच होते, आरेपासून फार लांब नाही. मेसेज येत होते, मी फोन उलटा ठेवून झोपले. आपण जाऊन काय होणार, असं वाटलं होतं. तिथे गेलेल्या पोरांबद्दल तेव्हा मी ‘यांना काही कामधंदा नाही का’ असंही बोलले होते. हे लिहिणं भाग आहे.

आमची हरकत शेवटी तीन पानांची झाली. सुरुवात मी तळमजल्यावरच्या काकांकडे जाऊन केली. त्यांना विचारलं, अँब्युलन्स नेमकी कुठे अडकली होती? ते मला हाताला धरून घेऊन गेले. अडकण्याची जागा बसस्टॉपपाशी होती, जिथे रिक्षांची दुहेरी रांग लागते. मग आमच्या हरकतीचं पहिलं वाक्य झालं, ‘रस्ता रुंद व्हावा, ही आमचीही मागणी आहे.’ त्यापुढे : घेर चुकीचे, हे बघा मोजमाप आणि फोटो. वय चुकीचं, हा १९७३ चा पुरावा. पुनर्रोपणाची जागा दिलेली नाही. आणि बसस्टॉप चाळीस मीटर पुढे नेला, फुटपाथ झाडांमागून वळवला, तर तेवीस-चोवीस तोडावी लागत नाहीत. याचा नकाशा काकांनीच काढला. ते निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत आणि हे मला तीस वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी सुनावणी. भायखळ्याला, राणीच्या बागेत, उद्यान खात्याचं मुख्य कार्यालय तिथेच आहे. बाहेर पेंग्विन बघायला आलेल्या शाळेच्या पोरांची रांग आणि त्यातून वाट काढत फायली छातीशी धरलेले आम्ही नऊ जण. वॉचमनला वाटलं आम्हीही पेंग्विनलाच आलोय. त्याने तिकिटाची खिडकी दाखवली.

आमच्या आधी दुसऱ्या उपनगरातले एक गृहस्थ होते. ते झाडांवर फार सुंदर बोलले. संत, वेद, सगळं. अधिकारी ऐकत होते, म्हणजे पेन खाली ठेवून ऐकत होते. बारा मिनिटं झाली. मग अधिकारी म्हणाले, “साहेब, तुमची हरकत कुठल्या नंबरच्या झाडाला आहे?” गृहस्थ गोंधळले. “सगळ्याच,” ते म्हणाले. मला घाम फुटला, कारण तीन आठवड्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, तितकं सुंदर न बोलता.

आमची पाळी आली. मुलीने सुरुवात केली, “अनुक्रमांक तेवीस.” अधिकाऱ्यांनी पेन उचललं.

मग वीस मिनिटं नुसते आकडे. त्यांनी विचारलं, मोजलं कशाने? मी पर्समधून टेलरमामांची पिवळी टेप काढून टेबलावर ठेवली. कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. “जॉइंट मेजरमेंट करू,” एवढंच म्हणाले. फोटो त्यांनी बराच वेळ बघितला, मागचा शिक्काही. मग विचारलं, “यात तुमच्या आई कुठल्या?” मी बोट ठेवलं. ते म्हणाले, “माझी आजी पण जायची. परळहून.” बस. पुढे कामाचं बोलणं.

निघताना जिन्यात त्यांच्या हाताखालचा एक जण मला म्हणाला, “मॅडम, पेपरात तुमचा फोटो आला ना, म्हणून तुमची फाइल वर आली. नाहीतर इतकं कोण बघतं?” त्या चुकीच्या मिठीबद्दल मी महिनाभर स्वतःला शिव्या घालत होते. कायदा शिकणाऱ्या त्या मुलीने लगेच मान हलवली, “म्हणजे साखळी करायला हवीच होती. फक्त यादी आदल्या दिवशी वाचायला हवी होती.”

संयुक्त मोजणी एप्रिलच्या उन्हात झाली. त्यांच्या टेपवर तेवीस नंबर ३०९ भरला. तीन सेंटिमीटरवरून टेलरमामांचा जो अपमान झाला तो त्यांनी अजून सोडलेला नाही.

निकाल असा : १७ ऐवजी १२ तोडणार. तेवीस आणि चोवीस राहिले. तीन झाडं पुनर्रोपणाच्या यादीत गेली, म्हणजे तिथे १२ झाली, आणि जागेचा रकाना भरला गेला. बसस्टॉप हलला. रस्ता रुंद झाला. अँब्युलन्स आता जाते. काका प्रत्येक वेळी खिडकीतून बघतात.

बारा झाडं गेली, ती एका मंगळवारी सकाळी. मी खाली उतरून उभी राहिले. त्यात एक सोनमोहर होता, हेरिटेजमध्ये न बसणारा, बावीस वर्षांचा, माझ्या मुलाच्या मुंजीच्या वर्षी लावलेला. त्याच्याबद्दल आमच्या तीन पानांत एक ओळ नव्हती, कारण त्याच्या बाजूने मांडण्यासारखा मुद्दा आम्हाला सापडला नाही. तो दोन तासांत ट्रकमध्ये होता. मला तेव्हा एकाही आकड्याचा उपयोग नव्हता.

पुनर्रोपित बारांपैकी पाचांना पालवी आली. चार वाळली. उरलेल्या तिघांबद्दल माळी म्हणतो, पाऊस बघू. पण जुलैत एका सोमवारी फाइल बघितली तर अहवालात लिहिलेलं : ‘पुनर्रोपित १२, जगलेली १२’. मी तारीख घालून बारा फोटो काढले, पत्र दिलं, पोच घेतली. बाबू आता पंखा न सांगता वळवतो. “काकू, तुम्ही मुंबईची सगळी झाडं मोजणार काय?” म्हणतो. मी त्याला सांगितलं की पत्रावर आवक क्रमांक नीट उमटलेला नाही, पुन्हा मार.

तोडलेल्या बारांच्या बदल्यात लावलेली रोपं सात वर्षं जगवायची आहेत. तेव्हा मी पासष्टची असेन. मुलीने माझ्या फोनच्या कॅलेंडरात प्रत्येक वर्षीच्या जुलैचा पहिला सोमवार घालून ठेवलाय, दुपारी तीन. पुढच्या वेळी मामांकडून नवी टेप मागावी लागेल. आधीची मी कुठेतरी फाइलमध्येच विसरले.